जुन्या धाटणीची मोटारसायकल: मत कुणाचं घ्यायचं, कटर कुठे थांबवायचा

बुलेट किंवा जुनी यझदी घ्यायची, मडगार्ड छोटे करायचे, तपकिरी सीट बसवायची, गोल हेडलाइट लावायचा आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीची वाटावी अशी मोटारसायकल उभी करायची, हा बेत ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पुष्कळ तरुणांच्या मनात असतो. चाळिशी ओलांडलेल्यांच्याही असतो. बेत जाहीर केला की मतांना तोटा राहत नाही. एक म्हणतो, मागचं मडगार्ड ठेव. दुसरा म्हणतो, ते ठेवलंस तर मजाच गेली. कुणी म्हणतो, ओरिजनलला हात लावू नकोस. कुणी म्हणतो, ओरिजनल तर सगळ्यांकडेच असते. या गलक्यात गाडीवाला गोंधळतो आणि शेवटी जो सगळ्यात ठासून बोलतो त्याचं ऐकतो. मग पहिल्याच पावसाळ्यात गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली जाते.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जुन्या धाटणीची गाडी जरूर बनवा, पण जे कराल ते पान्याने खोलून पुन्हा होतं तसं करता आलं पाहिजे. कटर आणि वेल्डिंगची मशीन चॅसीपर्यंत पोचू देऊ नका. शौकिनांची मतं एकमेकांच्या विरोधात जातात असं वरवर वाटतं, पण प्रत्येकाला त्याच्या विषयातला प्रश्न विचारला तर बरीचशी उत्तरं याच ठिकाणी येऊन मिळतात.

मत देणाऱ्याला ओळखा

पहिली मंडळी ओरिजनलवाले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात जावा आणि यझदी बनल्या. मद्रासमध्ये १९५५पासून बुलेट बनू लागली. १९८३मध्ये एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० आली, १९८५मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. हा सगळा इतिहास या मंडळींना तोंडपाठ असतो. कोणत्या वर्षी टाकीवरची पट्टी कशी होती, अँपिअरचा काटा कुठल्या बनावटीचा होता, डिकॉम्प्रेसर दाबून किक कशी मारायची, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-यझदी दिनाला एकत्र जमतात, एकमेकांना सुटे भाग पुरवतात, पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत एखाद्या झाकणासाठी खेटे घालतात. यांच्यासमोर 'कस्टम' म्हटलं की ते चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं. म्हैसूरचा कारखाना बंद झाला. कापलेली प्रत्येक जावा म्हणजे कायमची कमी झालेली एक जावा.

त्यांच्या बाजूने आता कायद्याचंही एक कारण आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा मोटार या नियमांखाली नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरं असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि नोंदणीची मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. पण मुख्य अट अशी की चॅसी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आजोबांची साठच्या दशकातली बुलेट कापून तिची 'जुनी दिसणारी' गाडी बनवलीत, तर खरोखर जुनी म्हणून मिळणारा मान तुम्ही आपल्या हाताने घालवला. व्हिंटेज गाडी आणि व्हिंटेज धाटणीची गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीपासून दुसरी करू नये.

म्हणून ओरिजनलवाल्याला एकच प्रश्न विचारा: "माझ्याकडे जी गाडी आहे, ती बदल करण्याजोगी आहे की जपण्याजोगी?" तो जपण्याजोगी म्हणाला तर त्याचं ऐका. ती गाडी तशीच ठेवा किंवा जपणाऱ्याला विका आणि आलेल्या पैशांतून भरपूर संख्येने बनलेली, सुटे भाग नाक्यावर मिळणारी गाडी घ्या. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० ही माझ्या मते यासाठी सर्वांत सोयीची. २००९पासून ती लाखोंनी विकली गेली आहे. २०२१मध्ये नव्या इंजिनाची क्लासिक आली, त्यामुळे आधीच्या पिढीच्या वापरलेल्या गाड्या आपल्या भागात सहज मिळतात. तिचं रूप मुळातच जुन्या वळणाचं आहे, थोडक्या बदलांत काम भागतं.

दुसरी मंडळी बनवणाऱ्यांची. मुंबईतलं अक्षय वर्दे यांचं 'वर्देंची', जयपूरचं 'राजपुताना कस्टम्स' अशा कार्यशाळांनी आपल्याकडे कस्टम मोटारसायकलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांची कामं बघून शिकलेली पोरं आज वागळे इस्टेटपासून अंबरनाथच्या एमआयडीसीपर्यंत छोट्या शेडमध्ये काम करताना दिसतात. यांची नजर तयार असते. गाडी 'बसली' की 'नाही बसली' हे ते दहा फुटांवरून सांगतात. कसं, तेही शिकून घेण्याजोगं आहे. गाडी बाजूने बघायची, डोळा टाकीच्या उंचीवर आणायचा. टाकीची खालची कड आणि सीटची खालची कड एका रेषेत आहे का, ती रेषा जमिनीला समांतर आहे का, हे आधी तपासायचं. मग चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट पुढे-मागे सारखी आहे का ते बघायचं. पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान असेल तर गाडी मागे बसल्यासारखी दिसते. मडगार्ड छाटलेल्या, बुटक्या बॉबरमध्ये ते शोभतं, पुढे झुकून चालवायच्या कॅफे रेसरमध्ये नाही. रंग कितीही उंची असला तरी ही रेषा चुकली तर गाडी डोळ्यांना खुपत राहते.

आकाराबद्दल यांचं मत शंभर टक्के घ्या, आणि रंगकाम होण्याआधी घ्या. पुठ्ठा कापून मडगार्डचा आकार करा, चिकटपट्टीने लावा, सीटच्या जागी थर्माकोल ठेवा, बाजूने फोटो काढा आणि तो फोटो दाखवा. पुठ्ठा पुन्हा कापता येतो. पावडर कोटिंग झाल्यावर घेतलेलं मत तुमच्या काही उपयोगाचं नसतं. समोरचा भिडेखातर "एक नंबर, भाऊ!" म्हणतो आणि निघून जातो.

तिसरी मंडळी म्हणजे लांब चालवणारे. रविवारी पहाटे निघून मुरबाडमार्गे माळशेजला जाणारे, शहापूर-कसाऱ्याकडे वळणारे. त्यांना "गाडी कशी दिसते?" असं विचारू नका. "हिच्यावर तू माळशेजपर्यंत जाशील का?" असं विचारा आणि शक्य असेल तर चावी हातात द्या. परत आल्यावर तो मनगट चोळतो की कंबर, यातच उत्तर मिळतं.

चौथा आपला मिस्त्री. इंजिन, क्लच, ब्रेक आणि वायरिंगबद्दल त्याचा शब्द शेवटचा मानावा. मात्र कागदपत्रांबद्दल त्याचं "काही होत नाही, साहेब" हे वाक्य कधीही मानू नये. चलान मिस्त्रीच्या नावाने फाटत नाही.

इथला रस्ता काय म्हणतो

कॅफे रेसर हा प्रकार जन्मला लंडनमध्ये. १९३८मध्ये तिथल्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे सुरू झालं आणि पन्नास-साठच्या दशकांत तिथे जमणारी पोरं एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत गाड्या पळवू लागली. खाली वाकवलेलं हँडल, मागे सरकवलेले फुटरेस्ट, चिंचोळी सीट. त्या बैठकीत शरीर पुढे झुकतं आणि वेगात समोरून येणारा वारा छातीला आधार देतो, त्यामुळे मनगटांवरचा भार हलका होतो. आता हीच बैठक संध्याकाळी साडेसातला कापूरबावडीला आणून बघा. वेग ताशी दहा-पंधरा, वारा नाही, समोर बस, बाजूला रिक्षा. अंगाचा सगळा पुढचा भार दोन मनगटांवर आणि अंगठ्यांच्या मुळाशी. त्यात डाव्या हाताने मिनिटाला अनेकदा क्लच दाबायचा. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत जाईस्तोवर बोटं बधिर होतात. रोज चालवायची असेल तर खाली वाकवलेलं क्लिप-ऑन हँडल घेऊ नका. सपाट, थोडं रुंद हँडल लावा. दिसायला तितकंच जुनं दिसतं आणि वळवायला ताकद मिळते.

दुसरं टोक उंच हँडलचं. हात खांद्याच्या वर गेले की रक्त उतरतं, हातांना मुंग्या येतात. शिवाय स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ते हँडल मावत नाही. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आपल्या भागात बहुतेकांची गाडी दिवसाचे दहा तास स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभी असते. मालक तिकडे लोकलने फोर्टला किंवा बीकेसीला. तिथे गाडीला धक्के बसतात, शेजारच्या स्कूटरचा आरसा टाकीला घासतो. वळणदार पितळी झाकण दिसायला देखणं, पण त्याला कुलूप नसेल तर पेट्रोल जाईल आणि झाकणही. उघड्यावर ठेवलेली चामड्याची सीट पहिल्या वळवात भिजेल. म्हणून कुलपाचं झाकण, रेक्झिनची सीट आणि हाताने सहज न निघणारे आरसे घ्या. खरं चामडं हवंच असेल तर ते रविवारच्या गाडीसाठी ठेवा.

मग पावसाळा. जुन्या धाटणीच्या गाड्यांची जेवढी फॅशन आहे, त्यातली बरीचशी कोरड्या हवेसाठी जन्मली आहे. तीन गोष्टी नीट समजून घ्या.

एअर फिल्टरचा डबा काढून कार्बोरेटरला थेट शंकूसारखा फिल्टर लावायची पद्धत आहे. त्यामुळे इंजिनच्या मागची जागा मोकळी होते, आरपार दिसतं, फोटो सुंदर येतो. पण जुलैमध्ये चाकाने उडवलेलं पाणी थेट त्या फिल्टरवर येतं. शिवाय हवा जास्त आत गेल्याने मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, गाडी 'फटफट' करत मागे आवाज काढते. मग जेट बदला, ते बदललं की प्लग काळा पडतो, पुन्हा बदला. कंपनीचा डबा अनेक चाचण्या करून बनवलेला असतो. तो ठेवा आणि जागा मोकळी दिसावी म्हणून बाजूची झाकणं हवी तर बदला.

सायलेन्सरच्या नळीला पट्टी गुंडाळण्याचंही असंच. रेसच्या गाड्यांवर तिचा उपयोग आहे. आपल्याकडे ती पट्टी पावसाचं पाणी धरून ठेवते आणि आतली लोखंडी नळी गंजत जाते. वरून काही कळत नाही. एक दिवस आवाज बदलतो आणि पट्टी सोडवावी तर खाली नळीला भोकं पडलेली असतात. खाडीकाठच्या ठाण्यात आणि डोंबिवलीत हवेतच ओल असते, तेव्हा पट्टी मुळीच नको.

तिसरी गोष्ट टायरची. चौकडीच्या नक्षीचे जाड, जुन्या वळणाचे टायर बॉबरवर फार शोभतात. पण त्या नक्षीत पाणी बाहेर फेकायला नीट खाचा नसतात. उड्डाणपुलांच्या लोखंडी सांध्यांवर, ओल्या काँक्रीटवर, रंगवलेल्या झेब्रा पट्ट्यांवर ते घसरतात. टायर हा एकच भाग असा आहे जिथे मी दिसण्याचा विचारच करू नका असं सांगेन. स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते, म्हणजे पंक्चर झालं की चाक खोलणं आलं. रात्री शिळफाट्यावर हा प्रसंग नको असेल तर ट्यूबलेस बसणारे स्पोकचे रिम बघा किंवा कंपनीचे अलॉय ठेवा.

मागचं मडगार्ड छोटं करण्याबद्दल शौकिनांमध्ये सगळ्यात जास्त वाद होतो. त्यात मी लांब चालवणाऱ्यांच्या बाजूने आहे. छोटं मडगार्ड म्हणजे चिखलाची एक सरळ रेघ तुमच्या पाठीवर. मागे बसणाऱ्याच्या, विशेषतः साडी किंवा ओढणी असलेल्या बाईच्या दृष्टीने ते धोक्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायची सोय, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं संरक्षण सांगितलं आहे. ते उगाच नाही.

मागचे शॉकअप लहान करून गाडी खाली बसवण्याची टूमही आहे. त्यात तीन बिघाड एकदम होतात: चेनचा ताण बदलतो, स्पीड ब्रेकरवर सायलेन्सर घासतो आणि हेडलाइटचा झोत समोरच्या ट्रकच्या काचेवर जातो. डोंबिवली एमआयडीसीच्या कुठल्याही रस्त्यावर एक फेरी मारा, म्हणजे गाडी किती खाली घ्यावी हे कळेल.

गाडी तयार झाली की तिची खरी परीक्षा घ्यायला पाडव्याच्या स्वागतयात्रेसारखी जागा नाही. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने ही यात्रा १९९९मध्ये सुरू केली, पुढे ती गावोगाव गेली. नऊवारी नेसून फेटा बांधलेल्या बुलेटस्वार बायका तिथे दिसतात आणि त्यांच्या हाताखाली गाडी तासन् तास पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने सरकत असते. वाऱ्यावर गार होणाऱ्या इंजिनासाठी याहून कठीण काम नाही. क्लच तापून सुटायला लागला, इंजिन आपोआप बंद पडू लागलं, मांडीला नळीचा चटका बसू लागला, तर काय सुधारायचं ते समजलं. ज्यांच्या गाड्या तिथे दोन-तीन तास निमूट चालतात, त्यांच्याकडून क्लचच्या तारेचा ताण कसा ठेवला ते विचारून घ्या. त्यांचं मत प्रदर्शनातल्या परीक्षकाहून तुमच्या जास्त कामाचं आहे.

आरटीओ आणि विमा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे, उत्पादकाने मूळ जे ठरवलं आणि नोंदणीच्या पुस्तकात जे लिहिलं आहे, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच कलमात बदलाचा अर्थही दिला आहे: गाडीच्या रचनेत असा फरक, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. प्रत्येक बदलामागे, हे शब्द पुन्हा वाचा.

याचा साधा अर्थ असा. सीटचं कव्हर, हँडलच्या मुठी, पितळी झाकण, टाकीवरचे रबरी पॅड, बॅगा, गोल आरसे यांनी गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलत नाही. चॅसी कापणं, पुढचा फोर्क लांबवणं, मागचा चिमटा बदलणं, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं यांनी ते बदलतं. रंग बदलायचा असेल तर तो आरसी बुकात नोंदवून घ्या, कारण रंग तिथे लिहिलेला असतो. ज्या बदलाला परवानगी मिळते तो केल्यापासून १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावा लागतो. एमएच-०४वाल्यांनी ठाण्याला, एमएच-०५वाल्यांनी कल्याणला जाऊन आधी विचारावं, नंतर नव्हे.

सायलेन्सरबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. इंदोरी, पंजाब, शॉर्ट बॉटल, डॉल्फिन अशा नावांनी ओळखले जाणारे बाहेरचे सायलेन्सर काही शौकिनांच्या जिवाभावाचे आहेत. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीसाठी कारखान्यातून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. आतली जाळी काढलेला सायलेन्सर ती सहज ओलांडतो. दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं, आणि महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले आहेत. पण दंड बाजूला ठेवला तरी, दाटीवाटीच्या आपल्या सोसायट्यांत पहाटे सहाला तो आवाज काढणं म्हणजे दोनशे घरांची झोप मोडणं. जुन्या बुलेटचा ठोका भारदस्त होता, कर्कश नव्हता. कंपनीचा सायलेन्सर ठेवा.

एबीएस असलेल्या गाडीची चाकं बदलताना त्याची दातेरी चकती आणि सेन्सर यांचं अंतर बिघडतं. दिवा पेटून राहतो, मग कुणीतरी तो दिवाच काढून टाकतो. तसं करू देऊ नका. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे आणि ते ओल्या रस्त्यावर जीव वाचवतं.

पावडर कोटिंगला चॅसी देताना चॅसी नंबरावर चिकटपट्टी लावून द्या. वाळूचा मारा आणि वर जाड रंग यांत तो नंबर बुजतो. नंतर नाव बदलताना किंवा १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना पेन्सिलने त्याची छाप घ्यायची वेळ येते तेव्हा कोरा कागद हातात येतो, आणि नंबर खोडल्याचा संशय मालकावर येतो. नूतनीकरणाच्या वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते. म्हणूनच काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी नटबोल्टसुद्धा, चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेवा. मडगार्ड, सीट, इंडिकेटर, नंबर प्लेटचा पत्रा. गाडी विकतानाही ज्याच्याकडे ते खोकं आहे त्याला चांगला भाव येतो, कारण ओरिजनलवाला आणि कस्टमवाला दोघेही गिऱ्हाईक होतात.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. थोडा हप्ता वाढेल, पण अपघातानंतर सर्व्हेअरने न कळवलेला बदल दाखवून नुकसानभरपाई नाकारण्याची वेळ येणार नाही.

दुसऱ्याने बनवलेली गाडी घेताना

स्वतः बनवण्याइतका वेळ नसतो म्हणून अनेकजण तयार गाडी घेतात. तेव्हा खिशात एक छोटं लोहचुंबक आणि एक टॉर्च ठेवा. चुंबक टाकीवर हळूहळू फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे टाकी कधीतरी चेपलेली किंवा कापून जोडलेली. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा, तळाला तांबडा गंज दिसला तर कार्बोरेटर वरचेवर तुंबेल. मग सीट काढायला सांगा. मालक टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. सीटखाली मागच्या चॅसीचा गोल नळ दिसेल. त्यावर जोड असेल तर तो किती स्वच्छ आहे बघा: आर्गन वेल्डिंगचा जोड एकसारख्या बारीक लाटांचा दिसतो, घाईने मारलेला जोड गोळे-गोळे आणि ग्राइंडरने घासलेला. घासलेल्या जोडावर दोन माणसांचं वजन आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावरचे खड्डे पेलायची जबाबदारी कुणीही घेऊ नये.

वायरिंग तिथेच दिसेल. इन्सुलेशन टेपचे गोळे दिसले तर पहिल्या पावसात गाडी बंद पडणार. फ्यूज कुठे आहे, बॅटरी घट्ट बांधली आहे का, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवल्यावर एखादी तार ताणली जाते का, हे तपासा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागे बसा आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघा. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा, परिवहनच्या पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि बाकी चलानं तपासा. हे सगळं झाल्यावर मगच रंगाचं कौतुक करा.

ज्यांना यांतली कुठलीच कटकट नको, त्यांच्यासाठी आता कारखान्यानेच सोय केली आहे. २०१९मध्ये बाजारात आलेली ३३४ सीसीची जावा पेराक ही एका सीटची बॉबर. रॉयल एनफिल्डने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यात गोअन क्लासिक ३५० आणली: उंच हँडल, पांढऱ्या कडेचे टायर, स्पोकची असूनही ट्यूबलेस चाकं, आणि मागची सीट काढता-घालता येणारी. एबीएस आहे, विम्याचा प्रश्न नाही, आरसी बुक स्वच्छ. हे खरं कस्टम नव्हे असं काही जुने शौकीन म्हणतील. बरोबर आहे, पण पहिली गाडी घेणाऱ्याला मी हीच वाट सांगेन. एक-दोन वर्षं ती चालवा, काय आवडतं, काय नकोसं होतं ते अंगाला कळू द्या आणि मग स्वतःची बनवायला घ्या.

बनवायला घेतलीत तर पैसे खर्च करण्याचा क्रम असा ठेवा: आधी ब्रेक, टायर, शॉकअप. मग वायरिंग आणि दिवे. मग हँडल आणि सीट. रंग सगळ्यात शेवटी, कारण मधल्या कामांत त्याला ओरखडे पडतातच. हातातले पैसे मध्येच संपले, आणि ते बहुधा संपतातच, तरी गाडी चालवण्याजोगी राहते.

आणि घरात, ओळखीत, गावाकडे गोठ्यात कुठे जुनी जावा किंवा बिडाच्या इंजिनाची बुलेट पडून असेल, तर तिला कटर लावण्याआधी एकदा तिची कागदपत्रं शोधा आणि एखाद्या ओरिजनलवाल्याला बोलावून दाखवा. तो चहाच्या एका कपावर येईल आणि गाडीत काय आहे, काय नाही, ते सगळं सांगेल.